पत्र्यावरचे रफू

जुन्या मोटारी जपणाऱ्या मंडळींत एक मत इतके रुळले आहे की ते केवळ एक मत आहे, हेही आता कुणाच्या ध्यानात येत नाही. गंजलेल्या गाडीला बसवायचा पत्रा त्याच मॉडेलसाठी, त्याच कारखान्याने छापलेला हवा. तसा मिळत नसेल तर गाडी आहे तशी झाकून ठेवावी किंवा सुट्या भागांसाठी मोडावी. दुसऱ्या मॉडेलचा पत्रा कापून, वाकवून, जुळवून बसवणे म्हणजे निव्वळ बनवाबनवी. सलूनच्या, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या नेहमीच्या गाडीच्या, मालकाला या मताचा जाच होत नाही, कारण सलूनचे पत्रे शोधले तर मिळतात. स्टेशन वॅगनच्या मालकाला मात्र त्यातून एकच अर्थ निघतो: तुमची गाडी वाचणार नाही. आणि तसेच होते. ज्या गाडीचे इंजिन चालते, गिअर पडतात, काचा शाबूत आहेत, ती केवळ मागच्या चाकावरचा हातभर पत्रा सडला आणि 'योग्य' पत्रा मिळाला नाही म्हणून भंगारात जाते. माझा आक्षेप केवळ या नुकसानीला नाही. ज्या अस्सलपणाच्या नावाने हे मत मांडले जाते, त्या अस्सलपणाच्याच कसोटीवर ते टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे. जुळवून बसवलेला पत्रा, काम नीट झाले असेल तर, कारखान्याच्या कोऱ्या पत्र्यापेक्षा गाडीशी अधिक प्रामाणिक असू शकतो.

वॅगनचे पत्रे मिळत का नाहीत, इथून सुरुवात करू. मर्सिडीजची डब्ल्यू-१२३ ही मालिका घ्या. तिच्यातली वॅगन कंपनीने १९७७ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात मांडली आणि १९७८ पासून १९८६ च्या सुरुवातीपर्यंत ती ब्रेमेनच्या कारखान्यात बनली. मर्सिडीजने स्वतःच्या कारखान्यात नेहमीच्या उत्पादनाचा भाग म्हणून बनवलेली ही पहिलीच वॅगन. मालिकेतल्या एकूण सुमारे २७ लाख गाड्यांपैकी वॅगन निघाल्या त्या २ लाखांच्या आत, म्हणजे साधारण चौदा गाड्यांमागे एक. आता पुढचे मडगार्ड, बोनेट, पुढचे दरवाजे हे सलूनचे आणि वॅगनचे एकच. ते छापणाऱ्याला चौदाच्या चौदा गाड्यांचे गिऱ्हाईक मिळते. पण वॅगनच्या बाजूचा मागचा लांब पत्रा, ज्याला गॅरेजमध्ये क्वार्टर पॅनेल म्हणतात, तो फक्त त्या चौदाव्या गाडीच्या कामाचा. असा पत्रा एका ठोक्यात छापून होत नाही. पत्रा ओढून आकार देणारी डाय वेगळी, कडा छाटणारी वेगळी, कडा दुमडणारी वेगळी. आकाराने हा गाडीतल्या सर्वांत मोठ्या पत्र्यांपैकी एक, म्हणजे डायही तितकीच मोठी आणि महाग. हा खर्च काही हजार ग्राहकांवर वाटणे कुठल्याही सुट्या भागांच्या कारखानदाराला परवडत नाही. म्हणून बाजारात मिळतात ते सलूनच्या चाकाच्या कमानीचे अर्धचंद्राकृती तुकडे, दरवाजांखालच्या सिलचे बाहेरचे पत्रे, फरशीचे पत्रे. वॅगनवाल्याने 'आपल्या' पत्र्याची वाट पाहावी, असे सांगणारा माणूस त्याला कधीच न येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहायला सांगत असतो.

आणि या तुकड्यांतून काम होते का, तर होते. कसे होते ते नीट पाहिल्याशिवाय या वादात बोलण्यात अर्थ नाही. डब्ल्यू-१२३ मालिकेत चार दरवाजांच्या नेहमीच्या सलूनचे आणि वॅगनचे चाकांतर एकच आहे, २,७९५ मिलिमीटर. मागचे चाक दोन्हींत शरीराच्या त्याच जागी येते, त्यामुळे कमानीच्या ओठाचा घेर जुळण्यासारखा असतो. फरक पडतो तो कमानीच्या वर आणि मागे. तिथे सलूनचा पत्रा डिकीच्या दिशेने खाली उतरू लागतो आणि वॅगनचा पत्रा खिडकीखालून सरळ मागच्या दरवाजापर्यंत धावतो. म्हणजे सलूनच्या तुकड्यातला ओठ आणि त्यालगतची चार बोटे रुंदीची पट्टी कामाची. त्यावरचा बाक वॅगनला चालणारा नाही. कुशल डेंटर, म्हणजे पत्राकाम करणारा कारागीर, इथे तुकडा आहे तसा चिकटवत नाही. गंजलेली कमान कापण्याआधी तो शाबूत बाजूच्या कमानीवरून पुठ्ठ्याचा साचा काढतो, तो उलटा करून गंजलेल्या बाजूला लावतो आणि घेर कुठे किती हुकतो ते मोजतो. मग तुकड्याच्या ओठाला जागोजागी चिरा देऊन तो उघडतो किंवा मिटवतो, चिरा पुन्हा जोडतो, वरची कड वॅगनच्या पत्र्याच्या फुगवट्याला मिळेपर्यंत डॉली या हातातल्या छोट्या ऐरणीवर ताणतो. गाडीवरचा मूळ पत्रा तो निरोगी धातू लागेपर्यंतच कापतो, त्यापलीकडे एक बोटही नाही. शेवटी दोन्ही कडा एकमेकींना टेकतील, एकमेकींवर चढणार नाहीत, अशा बेताने टाके पडतात.

हे टाके म्हणजे या कामाचा खरा जीव. जुन्या गाडीचा बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. आपल्याकडच्या भाषेत २० गेज, म्हणजे ०.९१ मिलिमीटर. त्याला १८ गेजचा, १.२ मिलिमीटरचा पत्रा जोडला तर जाड बाजू वितळेपर्यंत पातळ बाजूला भोक पडते. म्हणून आधी जाडी जुळायला हवी. दुसरी गोष्ट उष्णतेची. वेल्डिंगची रेघ थंड होताना आकसते आणि आजूबाजूचा पत्रा ओढून घेते. सलूनच्या मागच्या मडगार्डाला भरपूर गोलाई असते, ती हा ताण पचवते. वॅगनची बाजू लांब, जवळजवळ सपाट. तिथे सांधा मध्यावर घेतला तर पूर्ण पत्रा डब्याच्या झाकणासारखा टक्-टक् करू लागतो. म्हणून जाणता कारागीर सांधा उठावाच्या रेघेलगत घेतो, एकेक टाका दूरदूर मारतो, प्रत्येक टाका निवू देतो, आणि डॉलीवर ठोकून आकसलेला धातू पुन्हा पसरवतो. गॅस किंवा टिगचा टाका मऊ राहतो, हातोडीला ऐकतो; सीओटू वेल्डिंगचा टाका कडक होतो, त्याला घासावेच लागते. ज्यांना जुळवाजुळव हा शब्द हलका वाटतो त्यांनी या एका सांध्यात किती निर्णय दडलेले आहेत ते मोजून पाहावे. कारखान्यातला तयार पत्रा स्पॉट वेल्डवर बसवायला यातले निम्मे निर्णयही लागत नाहीत.

'पण मूळ ते मूळ', असे यावर म्हटले जाते. मूळ म्हणजे काय, हे वॅगनच्या बाबतीत विचारायलाच हवे, कारण वॅगन हा प्रकारच मुळात जुळवणीतून जन्मलेला आहे. इंग्लंडमध्ये फोर्डच्या कॉन्सल आणि झेफर गाड्यांच्या इस्टेट, म्हणजे वॅगन, फर्नहॅमच्या अॅबट या बॉडीबिल्डरने सलून कापून बनवल्या. ट्रायम्फ २००० च्या इस्टेटसाठी अर्धवट तयार झालेले सलूनचे सांगाडे कॉव्हेंट्रीच्या कार्बॉडीजकडे जात आणि तिथे त्यांना मागचे अंग मिळे. अॅस्टन मार्टिन डीबी-५ च्या मोजक्या शूटिंग ब्रेक, म्हणजे दोन दारी वॅगन, हॅरल्ड रॅडफर्डने तयार गाड्यांचे छप्पर कापून घडवल्या. आज त्या लिलावात येतात तेव्हा त्यांना कुणी बनावट म्हणत नाही. व्होल्व्होची १८०० ईएस, १९७१ ते १९७३ या काळात निघालेली सुमारे ८ हजारांची वॅगन, ही दहा वर्षे जुन्या कूपेच्या कमरेवर नवे छप्पर आणि मागे काचेचा मोठा दरवाजा बसवून जमवलेली गाडी. मॉरिस मायनर ट्रॅव्हलरचे पुढचे अर्धे अंग सलूनचे, मागचे अर्धे अॅश लाकडाच्या चौकटीचे. सलूनचा पत्रा वॅगनच्या अंगावर 'परका' आहे असे म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की तो तिच्या अंगावर पहिल्या दिवसापासून आहे. दुरुस्ती करणारा डेंटर तोच प्रवास पुन्हा करतो, फरक इतकाच की त्याच्यापुढे नमुना म्हणून मूळ गाडी उभी असते.

आता अस्सलपणाच्या मुख्य मुद्द्याकडे. समजा चमत्कार झाला आणि कुठल्याशा गोदामातून चाळीस वर्षे पडून असलेला, कारखान्याचा कोरा क्वार्टर पॅनेल मिळाला. तो बसवण्यासाठी काय करावे लागते? दरवाजाच्या चौकटीपासून मागच्या पिलरपर्यंत, खिडकीच्या कडेपासून फरशीपर्यंत सगळे मूळ स्पॉट ड्रिलने उडवावे लागतात. छपराचा सांधा उघडावा लागतो. त्या सांध्यात कारखान्याने भरलेले शिसे वितळवावे लागते. गंज हातभर जागेत होता, पण गाडीचा चारपाच फूट निरोगी पत्रा, त्यावरचा मूळ रंग, आतले मूळ डांबरी लेपन, मूळ सांधे, हे सगळे कचऱ्यात जाते. उलट जुळवलेला तुकडा बसवताना मूळ पत्र्याचा दहावा हिस्साही जात नाही. ज्याला मूळ वस्तू जपायची आहे त्याने यातले कोणते काम निवडावे? पहिल्या गाडीवर भागाचा क्रमांक बरोबर असतो आणि गाडी कमी उरते. दुसऱ्या गाडीवर क्रमांक चुकीचा असतो आणि गाडी जास्त उरते. ज्यांना क्रमांक प्रिय आहे त्यांनी तसे म्हणावे. पण त्याला संवर्धन म्हणू नये.

हा विचार माझ्या पदरचा नाही. वास्तूंच्या संवर्धनासाठी १९६४ साली व्हेनिसमध्ये जी सनद ठरली, तिच्यात हरपलेल्या भागांची भरपाई एकूण वास्तूशी मेळ खाणारी असावी आणि तरीही ती मूळ भागापासून ओळखता यावी, असे कलम आहे. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिवाने, २०१२ मध्ये ट्युरिनची सनद मान्य केली, ती याच परंपरेतली: शक्य तितके जपा, आवश्यक तितकेच बदला, बदल परतवता येण्याजोगा ठेवा, केलेल्या कामाची नोंद ठेवा. या दोन्ही सनदांचा भर वस्तूच्या उरलेल्या देहावर आहे. आपल्या घरांतही ही समज काही नवी नाही. वाड्याच्या तुळईचे भिंतीतले टोक वाळवीने खाल्ले तर जाणता सुतार पूर्ण तुळई उतरवत नाही. सडलेले टोक कापून सागाचा नवा तुकडा सांध्याने बसवतो. भरजरी शालूला कसर लागली तर घरातली बाई नवा शालू आणून जुन्या काठांना जोडत नाही. ती रफूगराकडे जाते, आणि तो त्याच शालूच्या आतल्या पदरातले धागे काढून भोक विणतो. ठिगळ आणि रफू यांतला फरक मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ठिगळ वरून बसते आणि खालचे भोक तसेच ठेवते. रफू भोकाच्या कडांमध्येच विणले जाते. सलूनच्या पत्र्याचा तुकडा वॅगनच्या कमानीत कडेला कड लावून बसवणे हे दुसऱ्या जातीचे काम आहे, आणि त्याला पहिल्या जातीचे नाव देणे हा अन्याय आहे.

ठिगळे मारणारे लोक आहेत, हे मी नाकारत नाही. किंबहुना शुद्धतावाद्यांचा राग ज्या कामांवर आहे, तो बहुतेक वेळा योग्यच असतो. गंजलेल्या पत्र्यावर दुसरा पत्रा चढवून रिबिट मारायचे, कडा सीओटूने जागोजागी चिकटवायच्या, वरून अर्धा इंच लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासून रंग उडवायचा, हे काम आपल्या शहरांत रोज होते. दोन पत्र्यांच्या थरांत पाणी केशाकर्षणाने चढते आणि तिथून कधीच पूर्ण सुकत नाही. आत गंज वाढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, म्हणून वरचा पत्रा फुगतो आणि दोनतीन पावसाळ्यांत लांबीला भेग जाते. पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि वर्षभर खारा वारा असलेल्या मुंबईत तर याला तितकाही वेळ लागत नाही. पण या अपयशाचे कारण काय, हे नीट बघा. तिथे पत्रा दुसऱ्या मॉडेलचा होता म्हणून गंज परतला नाही. तो चढता सांधा ठेवल्यामुळे परतला, खालचा गंज न कापल्यामुळे परतला, पोकळीत मेण न फवारल्यामुळे आणि पाणी जायची भोके लांबीने बुजवल्यामुळे परतला. कारखान्याचा कोरा, बरोबर क्रमांकाचा पत्रा असाच बसवला तर तोही तितक्याच वेगाने सडेल. कारागिराचा दोष पत्र्याच्या वंशावर ढकलला की चांगला कारागीर आणि वाईट कारागीर यांत फरक करायची गरजच उरत नाही. या मताचा सर्वांत मोठा तोटा मला हाच वाटतो: ते माणसांना पत्रा पाहायला शिकवत नाही, फक्त पावती पाहायला शिकवते.

शिवाय, 'त्याच मॉडेलचा' म्हणून विकला जाणारा पत्राही जुळवावाच लागतो. आज नव्याने छापलेले बहुतेक पत्रे मूळ डायमधून निघालेले नसतात. जुन्या पत्र्यावरून माप घेऊन बनवलेल्या डायमध्ये उठावाच्या रेघा बोथट येतात, दुमड अपुरी येते, भोके इकडेतिकडे सरकतात. मूळ कारखान्यातही दरवाजे आणि मडगार्डे हातोडीने, पट्ट्या सारून, शिशाने सांधे भरून एकमेकांना मिळवली जात. हे काम करणारे लोक जोडणीच्या रांगेवर पगारी होते. तेव्हा 'जसाच्या तसा बसणारा पत्रा' ही वस्तू कधी अस्तित्वातच नव्हती. प्रश्न जुळवायचे की नाही हा नाहीच. किती जुळवायचे, आणि ते कुणाच्या हातून, एवढाच आहे.

सुरक्षिततेचा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो आणि त्याला अर्धा होकार देतो. या गाड्यांना वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडाच भार वाहतो. सलूनमध्ये मागच्या सीटपाठीमागचा आडवा पत्रा आणि काचेखालचा फळीसारखा पत्रा शरीराला पीळ पडू देत नाहीत. वॅगनमध्ये माल ठेवण्यासाठी ते दोन्ही काढून टाकलेले असतात, त्यामुळे पिळाचा भार सिल, छप्पर, मागचे पिलर आणि मागच्या दरवाजाची चौकट यांच्यावर येतो. वर माल आणि माणसेही जास्त. म्हणून वॅगनचे सिल कापताना आधी दरवाजांच्या चौकटींत आडवे-तिरपे आधार टाकायला हवेत, गाडी धुऱ्यांवर टेकलेली हवी, दोन्ही बाजू एकाच वेळी उघडता कामा नयेत. नाहीतर सांगाडा बसतो आणि पुढे कितीही पत्रे बसवले तरी दरवाजे लागत नाहीत. आणि काही जागा अशा आहेत जिथे मी जुळवाजुळवीच्या विरुद्धच बोलेन: सस्पेन्शनचे बिंदू, सीटबेल्टचे नांगर, फरशीखालचे पेटीसारखे रेल. तिथे मूळ जाडी, मूळ घडण आणि मूळ संख्येइतके स्पॉट, याला पर्याय नाही. ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत भार वाहणाऱ्या जागांभोवती ३० सेंटिमीटरपर्यंतचा गंज गाडी नापास करतो, आणि तिथे लावलेला तुकडा चहूबाजूंनी सलग वेल्ड केलेला लागतो. मूळ पत्रा स्पॉटने जोडलेला असेल तर स्पॉट चालतो. हा नियम मला शहाणपणाचा वाटतो, कारण तो पत्रा कुठून आला हे विचारत नाही. तो कसा जोडला, एवढेच विचारतो. चाकाच्या कमानीचा बाहेरचा ओठ आणि रेलचा पेटीछेद या दोन गोष्टी एकाच मापाने मोजणारा आक्षेप सुरक्षिततेचा आव आणतो. त्याचे मूळ सुरक्षिततेत नसते.

आणखी एक सल्ला दिला जातो: जुळवू नका, पूर्ण पत्रा हाताने घडवून घ्या. इंग्लिश व्हील या पत्र्याला गोलाई देणाऱ्या यंत्रावर पूर्ण क्वार्टर पॅनेल घडवणारे हात जगात आहेत आणि त्यांच्यापुढे माझी मान लवते. पण तो सल्ला कोणाला परवडतो? ज्या गाडीची किंमत लिलावात कोटींत जाते तिला. डब्ल्यू-१२३ च्या वॅगनला, व्होल्व्होच्या साध्या इस्टेटला, कुटुंबाची गाडी म्हणून जगलेल्या कुठल्याही गाडीला तो परवडत नाही. आणि हाताने घडवलेला पूर्ण पत्राही गाडीचा निरोगी मूळ पत्रा कापूनच बसतो, हे मघाशी सांगितलेच आहे. श्रीमंताची गाडी जपण्याचे नियम गरिबाच्या गाडीला लावले की शेवटी फक्त श्रीमंतांच्या गाड्या उरतात. वॅगन ही तर मुळात कष्टाची गाडी. पोती, सायकली, कुत्री, ओले सामान वाहिलेली. ती गंजली ती याच वापरामुळे. तिच्या वाट्याला आलेल्या आयुष्याची शिक्षा तिला देऊ नये.

आपल्याकडे हा वाद आता निव्वळ चवीचा राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, तिला 'व्हीए' अक्षरांची मालिका मिळते, शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल धरून तिची मोठी फेरउभारणी झालेली नसावी. हेतू उत्तम आहे. पण 'बॉडी शेलमधील बदल' या शब्दांचा अर्थ शुद्धतावादी कानांनी लावला तर सलूनच्या कमानीचा तुकडा बसवलेली वॅगन बाद ठरेल, आणि जिचा अर्धा देह कोऱ्या पत्र्याने बदलला आहे ती पास होईल. कायद्याच्या मूळ वळणाशी हे जुळत नाही. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मना करते ते निर्मात्याने दिलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असे फेरफार करायला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये त्याच अर्थावर बोट ठेवले. जुळवलेल्या पत्र्याने गाडीची लांबी बदलत नाही, आसने बदलत नाहीत, आकार बदलत नाही. गंजाने गाडीला निर्मात्याच्या आकारापासून दूर नेले होते. डेंटरने तिला परत आणले. याला फेरफार म्हणणे म्हणजे मोडलेले हाड जुळवणाऱ्याला शरीर बदलणारा म्हणणे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर याची निकड कुर्ल्याच्या फियाटमध्ये दिसते. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इथे बनवलेली ११००, पुढे पद्मिनी, ही मुंबईची टॅक्सी म्हणून घराघरांत ओळखीची. त्याच गाडीच्या थोड्या स्टेशन वॅगनही होत्या, सफारी या नावाच्या. पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. २० वर्षांची वयोमर्यादा संपताच ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. तिच्या आधीची दोन दशके या टॅक्सी मोडीत जात होत्या. त्यांची मडगार्डे, दरवाजे, बोनेट, सिल हे त्या थोड्या वॅगनांसाठी जगातले सर्वांत जवळचे पत्रे होते: त्याच कुर्ल्यात छापलेले, त्याच जाडीचे, त्याच हवेत जगलेले. इटलीत ११०० ची वॅगन फामिल्यारे नावाने निघाली होती खरी, पण तिचे पत्रे मागवण्यापेक्षा भायखळ्याच्या टॅक्सीचा दरवाजा कुर्ल्याच्या वॅगनला कितीतरी सख्खा. 'टॅक्सीचा पत्रा' म्हणून त्याकडे नाक मुरडले गेले आणि तो भट्टीत वितळला. जे अजून कुठल्या गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून आहेत, ते तरी आता तोलून विकले जाऊ नयेत.

नोंदणीसाठी राज्याची जी समिती गाडी पाहते तिने काय मागावे, हेही मग सोपे होते. कोणता पत्रा कुठून आला, सांधा कुठे घेतला, मूळ किती कापले, याचे काम सुरू होण्याआधीचे आणि सांधा उघडा असतानाचे फोटो. आणि कापून काढलेला सडका तुकडा, क्रमांक घालून, तेलाचा हात देऊन, गाडीच्या मालकाकडे ठेवलेला. कारण कमानीच्या आतल्या बाजूला, जिथे रंगाऱ्याची बंदूक पुन्हा कधी पोचली नाही, तिथे कारखान्याचा पहिला रंग बहुधा अजून शिल्लक असतो.